शिबिर उठले, लेप सुटला

भोर शहराजवळच्या उत्रोलीने औद्योगिक वसाहतीची चर्चा वर्षानुवर्षे ऐकली. ती वसाहत कधी येईल, हे मंत्रालय जाणे. पण त्याच उत्रोलीत, आणि भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक वाडीवस्तीवर, पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडात एक गोष्ट कोणाच्याही मंजुरीविना अगदी वेळेवर येते. ती म्हणजे पहिली कायमची दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आगेमागे, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, ती निमूटपणे हिरडी फोडून वर येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला तिच्या आगमनाची वार्ताही लागत नाही. ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि एकदा गेली की पुन्हा न येणारी ही दाढ तिसरी-चौथीतच काळवंडू लागते. जन्मभर चर्वणाचा मुख्य भार जिने वाहायचा, तिचेच आयुष्य प्राथमिक शाळा सुटण्यापूर्वी धोक्यात येते. हे टाळता येते. टाळण्याचे साधन अर्धशतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे. ते साधन आपण क्वचित वापरतो आणि वापरले तर ते जागेवर टिकले की नाही, हे पाहायला परत फिरकत नाही. पहिल्या अपराधाविषयी अधूनमधून कोणी तरी बोलते. दुसऱ्याविषयी सार्वत्रिक मौन आहे.

दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर उंचवटे असतात आणि उंचवट्यांच्या मध्ये अरुंद भेगा व खळगे. यातील कित्येक भेगा इतक्या चिंचोळ्या असतात की दात घासण्याच्या ब्रशचा एक केसही त्यांच्या तळाशी पोहोचत नाही. बिस्किटाचा लगदा मात्र पोहोचतो, आणि त्यावर जगणारे जंतूही पोहोचतात. नुकत्याच उगवलेल्या दाढेचे कवच अद्याप पुरते परिपक्व झालेले नसते. तिची मागची बाजू कित्येक महिने हिरडीच्या पाळीखाली झाकलेली राहते. म्हणजे जेव्हा दाढ सर्वांत दुबळी असते, नेमकी तेव्हाच ती स्वच्छ करायला सर्वांत अवघड असते. मुलांच्या कायमच्या दातांत लागणाऱ्या किडीपैकी दहात नऊ ठिकाणे मागच्या दाढांवर असतात, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे सांगणे आहे. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांना दंतक्षय आढळला होता. दोन दशकांपूर्वीचे हे आकडे आहेत. त्यानंतर पाच रुपयांच्या पुड्यांनी वाडीवरच्या शेवटच्या टपरीपर्यंत मजल मारली. दंतवैद्याने मारली नाही.

उपाय साधा आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे मायकल ब्युनोकोर या दंतसंशोधकाने दाखवून दिले की दाताच्या कवचावर काही क्षण फॉस्फरिक आम्ल लावले, तर त्यावर सूक्ष्म खाचा पडतात आणि त्या खाचांत रेझिन घट्ट रुतून बसते. याच पायावर १९६० च्या दशकात दाढेच्या भेगा बुजवणारा पातळ लेप आला. दंतवैद्य त्याला सीलंट म्हणतात. दात कोरावा लागत नाही, सुई लागत नाही, वेदना होत नाही. भेगच उरली नाही, तर जंतूंनी दबा धरायचा कोठे? या एका वाक्यात त्यामागचे सारे शास्त्र आले. ज्या देशांनी शाळाशाळांतून हा लेप पोहोचवला, तेथे दाढा वाचल्या. या मुद्द्यावर दंतशास्त्रात आता वाद उरलेला नाही, आणि ज्यांना तो उकरून काढायचा आहे त्यांच्यासाठी ही जागा नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. लेप टिकतो किती? त्याची उत्तरे उपलब्ध आहेत आणि ती विलक्षण बोलकी आहेत. अमेरिकेतील रिचर्ड सायमनसन यांनी एकदाच लावलेल्या लेपाचा पंधरा वर्षे पाठपुरावा केला आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पंधरा वर्षांनंतर २७.६ टक्के दाढांवर तो संपूर्ण शाबूत होता, आणखी ३५.४ टक्के दाढांवर अंशतः. लेप लावलेल्या गटातील ३१.३ टक्के पृष्ठभाग किडले वा भरावे लागले. लेप न लावलेल्या तुलनेच्या गटात हेच प्रमाण ८२.८ टक्के होते. एकदा लावलेल्या लेपाची ही कथा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणात, प्रकाशाने घट्ट होणारा रेझिनचा लेप पाच वर्षांनी सुमारे ८४ टक्के दाढांवर शाबूत आढळला. त्याच विश्लेषणात ग्लास आयनोमर या दुसऱ्या पदार्थाचा लेप पाच वर्षांनी जेमतेम ५ टक्के दाढांवर शिल्लक होता. एकाच कामाच्या दोन पदार्थांत ८४ आणि ५ इतके अंतर! शिबिराच्या अहवालात मात्र दोन्हींची नोंद एकाच रकान्यात, एकाच शब्दात होते: ‘लाभार्थी’.

अर्थात ८४ टक्क्यांचा आकडा पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. तो दवाखान्यातील खुर्चीचा, कोरड्या दाताचा, सरावलेल्या हाताचा आणि हाताशी असलेल्या मदतनिसाचा आकडा आहे. तो जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गखोलीत जसाच्या तसा उतरत नाही, आणि का उतरत नाही हे आरोग्य खात्याच्या वातानुकूलित बैठकीत कळणार नाही. त्यासाठी ते काम जवळून पाहावे लागते. दोन बाके जोडून मुलाला आडवे केलेले असते. तोंडात कापसाच्या गुंडाळ्या. दाढ घासून स्वच्छ केली की तिच्यावर निळसर आम्लाची जेली पंधरा ते तीस सेकंद ठेवायची, पाण्याने धुवायची आणि हवेच्या फवाऱ्याने कोरडी करायची. काम बरोबर झाले असेल तर दाढेचा माथा खडूसारखा पांढराफटक दिसतो. येथपासून पुढचे अर्धे मिनिट निर्णायक. या अर्ध्या मिनिटात लाळेचा एक थेंब त्या पांढऱ्या भागाला लागला, तर खाचा बुजल्या. सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आणि समोर सहा वर्षांचे मूल आहे. त्याची जीभ आवरत नाही, त्याला उमासे येतात, खिडकीत त्याचे मित्र गोळा होऊन हसताहेत, बाहेर आणखी साठ मुले रांगेत उभी आहेत आणि दुपारी उद्घाटक पाहुणे यायचे आहेत. शोषनळी नाही, हवेचा दाब नाही, मदतीला दुसरा हात नाही. मग थेंब लागतो, पण पुन्हा पहिल्यापासून कोणी करत नाही. लेप घातला जातो, निळा प्रकाश मारला जातो, मूल उठते, छायाचित्र निघते.

असा लेप डोळ्यांना चांगल्या लेपासारखाच दिसतो. हीच त्यातील भयंकर गोष्ट आहे. तो पडतो तो काही आठवड्यांत वा महिन्यांत, भाकरीबरोबर गिळला जातो, आणि पडल्याचे कोणालाच कळत नाही. मुलाला नाही, गुरुजींना नाही, अहवाल लिहिणाऱ्या कारकुनाला तर नाहीच. सीलंटच्या अपयशाचा मोठा भाग पहिल्या सहा महिने ते वर्षभरात उघड होतो, हे या क्षेत्रातील प्रत्येक जण जाणतो. म्हणजे जो वर्षभर टिकला तो बहुधा पुढे बराच काळ टिकेल, आणि जो सुटायचा तो वर्षाच्या आत सुटेल. मग त्या वर्षाच्या आत एकदा तोंड उघडून पाहणे, हाच या सर्व खटाटोपाचा प्राण ठरतो. आणि आपल्या व्यवस्थेत नेमका तोच भाग नाही. आपल्याकडे शिबिराला उद्घाटन असते, समारोप असतो, आभारप्रदर्शनही असते. फेरतपासणी नसते.

फेरतपासणीची यंत्रणाच नाही, असे म्हणण्याची सोयही शासनाला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये झाला, तोही महाराष्ट्राच्या भूमीत, पालघरला. जन्मजात व्यंगे, आजार, पोषणकमतरता आणि विकासातील विलंब अशा तीस स्थितींसाठी मुलांची तपासणी करण्याची ही योजना. त्या तिसांत दंतक्षय स्पष्ट शब्दांत आहे. फिरते आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा जावे, अशी रचना आहे. या पथकात आयुषचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. दंतवैद्य नसतो. तेव्हा पथक येते, बॅटरी मारून तोंडात पाहते, काळी दाढ दिसली की ‘दंतक्षय’ समोर खूण करते आणि मुलाला पुढे पाठवते. पुढे म्हणजे भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा थेट पुण्याला. उत्रोलीच्या मुलाला भोर जवळ आहे; त्याची आई एक दिवसाचा रोजगार बुडवून कदाचित जाईलही. हिर्डोशी खोऱ्यातल्या किंवा वेल्ह्याच्या पलीकडच्या डोंगरकुशीतल्या आईने एका न दुखणाऱ्या दाढेसाठी दोन एस.टी. बदलून जावे, अशी अपेक्षा ज्यांनी केली, त्यांनी त्या एस.टी.चे वेळापत्रक पाहिलेले नसावे. खूण मात्र झालेली असते. खुणांची बेरीज तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला जाते. रोगाची मोजणी करण्यात आपण तरबेज झालो आहोत, आणि मोजलेला रोग पुढच्या वर्षी थोडा अधिक मोजण्यातही.

त्यावर प्रसिद्धीचा मुलामा चढवण्यातही कसूर नाही. २०२३ मध्ये राज्य शासनाने ‘स्वच्छ मुख अभियाना’साठी खुद्द सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमले. जनजागृतीसाठी याहून मोठे नाव नाही, आणि त्या नावाला नाव ठेवण्याचे काहीच कारण नाही. परंतु फलकावरील हसरा चेहरा पाहून दाढेची भेग बुजत नाही. दात घासा, गोड कमी खा, खाल्ल्यावर चूळ भरा, हा उपदेश योग्यच. पण ब्रशचा केस जेथे पोहोचत नाही तेथे उपदेशही पोहोचत नाही. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम कागदावर आहे. त्याखाली रुग्णालयांत दंतखुर्च्या आल्या, ही चांगली गोष्ट. मात्र खुर्ची ही दुखणे घेऊन येणाऱ्याची वाट पाहणारी वस्तू आहे. ज्या दाढेला वाचवायचे ती दुखत नसते, म्हणून ती खुर्चीपर्यंत येत नाही. ती दुखू लागते तेव्हा वाचवण्याची वेळ टळलेली असते.

दुसरा जाब विद्येच्या माहेरघराला द्यावा लागेल. महाराष्ट्रात तीसहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. त्यांतील काही खुद्द पुण्यात, भोरच्या वेशीपासून दोन तासांच्या आत. बालदंतशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात, आणि सीलंटचा टिकाऊपणा हा त्यांच्या आवडीच्या विषयांपैकी एक. या कंपनीचा लेप बरा की त्या कंपनीचा, आधी चिकटद्रव्य लावून अधिक टिकतो की न लावता, याची सहा महिन्यांची, वर्षाची कोष्टके तयार होतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात विषयमान्यता, परीक्षा, लेखन बसवायचे म्हटले की पाठपुराव्याला वर्ष-दीड वर्षाहून अधिक काळ उरत नाही. पदवी मिळते, प्रबंध कपाटात जातो, आणि ज्या मुलांच्या दाढांवर ती पदवी उभी राहिली ती मुले पुन्हा कोणाच्या यादीत नसतात. दाढेला साठ वर्षे जगायचे आहे. आपले कुतूहल मात्र अठरा महिन्यांत संपते. विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी एकच शाळांचा गट एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे सोपवत नेला असता, तर एव्हाना महाराष्ट्राकडे स्वतःचा पंधरा वर्षांचा आकडा असता, आणि आम्हाला येथे अमेरिकेचा उसना घ्यावा लागला नसता.

साउथ वेल्समध्ये झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या धुरीणांनी टेबलावर ठेवावा. सहा-सात वर्षांची सुमारे एक हजार मुले, फिरते दवाखाने, तीन वर्षांचा काळ. अर्ध्या मुलांना सीलंट, अर्ध्यांना दर सहा महिन्यांनी फ्लोराइडचे व्हार्निश. तीन वर्षांनी सीलंटच्या गटात १९.६ टक्के मुलांच्या पहिल्या कायमच्या दाढांत खोल कीड आढळली, व्हार्निशच्या गटात १७.५ टक्के. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही, आणि व्हार्निश स्वस्त पडते. आपल्याकडील एखादा अर्थविभागाचा अधिकारी एवढेच वाचून सीलंटची फाइल बंद करील, ही भीती आहे. म्हणून त्या अभ्यासाचा उरलेला अर्धा भाग सांगणे भाग आहे. तेथे सीलंट लावलेल्या मुलांनाही दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले जात होते आणि लेप सुटला असेल तेथे तो पुन्हा घातला जात होता. व्हार्निश असो वा लेप, दोन्हीकडे सहा महिन्यांनी कोणीतरी त्या मुलाच्या तोंडात डोकावत होते. पदार्थ कोणता निवडायचा यावर तज्ज्ञांनी खुशाल खल करावा. सहा महिन्यांनी परत जाण्याला पर्याय नाही, आणि परत जाणे हे कोणत्याही कंपनीच्या बाटलीत मिळत नाही.

परत जाणे म्हणजे काय, हे भोर-वेल्ह्याइतके कोणाला कळावे? सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अंगावर घेणाऱ्या या मुलखात कौलारू घराची शाकारणी दरसाल मृगापूर्वी होते. गेल्या वर्षी केली म्हणून यंदा कोणी सोडत नाही. दाढेवरच्या लेपाबाबत हा शहाणपणा शासनाच्या अंगी येत नाही. आणि येथे भूगोलही आडवा येतो. पावसाळ्यात वरंध घाट बंद, दरडी खाली, वाड्यांचा संपर्क तुटलेला. म्हणून शिबिरे हिवाळ्यात. हिवाळ्यात यायचे, तर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघून गेलेली. त्यांची मुले त्यांच्याबरोबर, शाळेच्या पटावर नाव आणि बाकावर जागा रिकामी. जून-जुलैत लेप लावला तर सहा महिन्यांनी ते मूल वाडीत नसते, डिसेंबरात लावायला जावे तर लावायलाच ते नसते. ज्यांच्या दाढांना सर्वांत जास्त धोका, तेच या गणितातून हमखास गळतात. वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. नाव थोर आहे. त्या नावाला साजेल अशी एक गोष्ट तरी तालुक्यातील सहा वर्षांच्या मुलापर्यंत वर्षातून दोनदा पोहोचावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

हे सारे असेच चालू दिले तर काय होते, त्याचा हिशेब मांडायला भविष्यवेत्त्याची गरज नाही. तो रोज मांडला जातो आहे. आठव्या-नवव्या वर्षी दाढेच्या भेगेत काळी रेघ. दहाव्या वर्षी खड्डा. त्यात अन्न अडकते, गोड-थंड झोंबते. अकराव्या वर्षी रात्रीचा ठणका. मग लवंग, कापूर, वेदनाशामक गोळी. आणि मग मशेरी. दातदुखीवर उतारा म्हणून मशेरी हाती येते आणि तेथून तंबाखू आयुष्यभर तोंडात मुक्कामाला येते, हा ग्रामीण महाराष्ट्राचा जुना आणि घराघरातला अनुभव आहे. तोंडाच्या कर्करोगाविरुद्ध मोहिमा काढणाऱ्या खात्याने या पायरीकडे बोट दाखवलेले आम्ही पाहिलेले नाही. ठणका शमत नाही तेव्हा गालाला सूज येते. तेव्हा मूळनलिका उपचार आणि वर टोपी, काही हजारांचा खर्च आणि पुण्याच्या तीन-चार खेपा. किंवा दाढ काढून टाकणे, काही मिनिटांत आणि अल्प खर्चात. रोजंदारीवरील बाप यांतून काय निवडील? तो नादान नाही. त्याच्यापुढे शासनाने दुसरा पर्याय ठेवलेला नाही. ‘वरची दाढ काढली की डोळा जातो’ ही खुळी समजूत अजून जिवंत आहे, म्हणून काही जण तेही टाळतात आणि पू जबड्यात पसरेपर्यंत थांबतात.

बाराव्या वर्षी काढलेली पहिली दाढ जाताना एकटी जात नाही. तिच्या मागची दुसरी दाढ मोकळ्या जागेकडे कलते. समोरच्या जबड्यातील जोडीदार दाढ आधार नसल्याने लांबते. मूल एका बाजूने चावू लागते. न वापरलेल्या बाजूवर घाण साचते, तीही किडते. नाचणीची भाकरी, हरभरे, कडधान्य यांवर वाढायचे वय मऊ भातावर आणि चहात बुडवलेल्या बिस्किटावर येते. बुडालेल्या शाळेचे दिवस वेगळेच, आणि ते कोणत्याही हजेरीपटावर ‘दाढदुखी’ म्हणून नोंदले जात नाहीत. पुढे हेच मूल अठराव्या वर्षी पहाटे भोर-महाड रस्त्यावर धावताना दिसते, कारण या मावळपट्ट्यातल्या पोरांना फौजेची ओढ आहे. लष्कर भरतीच्या वैद्यकीय तपासणीत किमान १४ दंतगुण लागतात. वरच्या-खालच्या मिळणाऱ्या मोठ्या दाढांच्या जोडीला दोन गुण. जोडीतील एक गेली की दोन्ही गुण गेले. छाती भरते, उंची भरते, धावण्याचे घड्याळ जुळते, आणि सहाव्या वर्षी कोणी न बुजवलेल्या भेगांची बेरीज विसाव्या वर्षी आडवी येते. त्या दिवशी त्याला कोणी सांगणार नाही की तुझ्या गावात पहिलीत असताना एक शिबिर झाले होते, तुझे नाव लाभार्थ्यांत आहे.

लेप सुटला तर दाढ उघड्या दाढेपेक्षाही लवकर किडेल, मग पाठपुराव्याची खात्री नसताना लावावाच कशाला, असा एक साळसूद युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. त्याला शास्त्राचा आधार नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एका आढाव्यानुसार, लेप पूर्ण वा अंशतः सुटलेल्या दाढांना कधीच लेप न लावलेल्या दाढांपेक्षा किडीचा धोका अधिक आढळला नाही. तेव्हा लेप लावणे थांबवण्यास हे निमित्त पुरत नाही. पण त्याच निष्कर्षाची दुसरी बाजूही तितकीच कठोर आहे: सुटलेला लेप घेऊन फिरणारे मूल म्हणजे लेप न लावलेले मूल. त्याच्यावर झालेला खर्च खर्चच, संरक्षण मात्र शून्याकडे. रेझिनचा लेप लावल्यास पहिली दोन वर्षे दाढांची सुमारे ८० टक्के कीड टळते आणि चार वर्षांपर्यंत सुमारे ५० टक्के, असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र म्हणते. ८० वरून ५० वर येणारी ही घसरण कशाची, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ती सुटलेल्या लेपांची आणि न झालेल्या फेरतपासण्यांची आहे.

ग्लास आयनोमरबाबत मात्र न्यायाने बोलले पाहिजे. तो लवकर झिजतो, हे खरे. पण अर्धवट उगवलेल्या, हिरडीखाली दडलेल्या, कोरडी न होणाऱ्या दाढेवर रेझिन मुळात धरतच नाही, तेथे हाच पदार्थ कामाला येतो. वरून सारा निघून गेलेला दिसला तरी भेगेच्या तळाशी त्याचा अंश राहतो आणि काही काळ राखण करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले, ते उगीच नव्हे. वाडीवरच्या शाळेत पहिल्या भेटीत तो वापरावा आणि दाढ पुरती वर आल्यावर रेझिनचा लेप घालावा, हा क्रम समंजस आहे. पण ‘आल्यावर’ या शब्दात पुन्हा दुसरी भेट गृहीत आहे. कोणत्याही वाटेने गेले तरी गाडी तेथेच येऊन थांबते.

आता जबाबदारी कोणाची? शाळा शिक्षण विभागाच्या, पथक आरोग्य अभियानाचे, खुर्ची जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेच्या, महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याच्या छायेत. सहा वर्षांच्या मुलाच्या एका दाढेवर पाच कार्यालयांचा हक्क आहे, आणि म्हणून कोणाचाच नाही. पुणे जिल्हा परिषद ही राज्यातील संपन्न जिल्हा परिषदांपैकी एक. तिला निधीची सबब शोभत नाही. भोर आणि राजगड या दोन तालुक्यांपासून तिने सुरुवात करावी. पहिली-दुसरीच्या आणि, दुसरी कायमची दाढ येते म्हणून, सहावी-सातवीच्या प्रत्येक मुलाच्या प्रत्येक दाढेची स्वतंत्र नोंद ठेवावी. मुलाच्या नावावर एक खूण करून भागणार नाही. ‘किती लेप लावले’ हा रकाना अहवालातून काढून टाकावा आणि ‘वर्षानंतर किती शाबूत, किती पुन्हा लावले, किती दाढा निरोगी’ हे तीन रकाने घालावेत. रकाना बदलला की शिबिराची चाल आपोआप बदलेल. साठ मुलांच्या रांगेऐवजी पंधरा मुले नीट कोरडी करून होतील, आणि दोन हातांऐवजी चार हात नेले जातील. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांची तपासणी भट्टीवर जाऊन व्हावी. भट्ट्या कोठे लागतात हे महसूल खात्याला रॉयल्टी वसूल करताना बरोबर ठाऊक असते. पुण्याच्या दंत महाविद्यालयांना प्रत्येकी काही शाळा कायमच्या सोपवाव्यात, एका तुकडीने दुसऱ्या तुकडीला नोंदवहीसह.

आणखी एक बारीक गोष्ट, जी खरेदीच्या निविदेत एका शब्दाने साधते. पारदर्शक लेप घेऊ नये, पांढरा अपारदर्शक घ्यावा. पारदर्शक लेप आहे की गेला हे दंतवैद्यालाही टोकदार सळईने चाचपून पाहावे लागते. पांढरा असला तर बॅटरीच्या उजेडात कोणालाही दिसतो. सायमनसन यांनी पंधरा वर्षांच्या अभ्यासात रंगीत लेपच वापरला होता, म्हणून तर पंधरा वर्षांनी तो मोजता आला. पांढरा लेप असेल तर बाल स्वास्थ्य पथकातील आयुष डॉक्टर, गावची आशाताई किंवा वर्गशिक्षिकाही वर्षातून एकदा सांगू शकतील की अमुक मुलाच्या उजव्या खालच्या दाढेवरचा लेप गेला. मग दंतवैद्याला शंभर तोंडे धुंडाळत बसावे लागणार नाही. यादीतल्या बारा-पंधरा मुलांसाठी एक दिवस पुरेल. यासाठी नवे पद नको, नवी योजना नको, सदिच्छादूतही नको.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने पुढच्याच बैठकीत एक प्रश्न प्रशासनाला लेखी विचारावा: गेल्या तीन वर्षांत दोन्ही तालुक्यांतील शाळांमध्ये ज्या मुलांच्या दाढांवर लेप लावल्याचे कागदोपत्री आहे, त्यांपैकी किती दाढांवर तो आज आहे? उत्तर ‘माहिती संकलित केलेली नाही’ असे आले, तर तेही इतिवृत्तात नोंदवावे, अधिकाऱ्याच्या पदनामासह. आणि येत्या जूनमध्ये उत्रोलीपासून केळदपर्यंतच्या शाळांत पहिलीचे वर्ग भरतील, तेव्हा दंततपासणीच्या पत्रकावर दोन तारखा छापलेल्या असाव्यात. एक जूनमधली. दुसरी डिसेंबरमधली, आणि तीही आताच ठरवून.